सिमेंट भट्टीची धूळ डांबरात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये वापरताना: कोल्हापूर परिसरासाठी मार्गदर्शक

दिवाळी उरकली की कोल्हापूर जिल्ह्यातले हॉटमिक्स (गरम डांबरी मिश्रणाचे) प्लांट पेटतात ते मेअखेरपर्यंत थांबत नाहीत. याच दिवसांत ठेकेदारांना एक निरोप हमखास येतो: "सिमेंट कंपनीची डस्ट आहे, गाडीभाडं तेवढं द्या, फिलर म्हणून मस्त चालते." फिलर म्हणजे खडीमधल्या बारीक पोकळ्या भरणारी भुकटी. पेव्हर ब्लॉकवाल्यांनाही तोच निरोप जातो. तो खोटा असतो असं नाही. भट्टीतून निघणारी ही धूळ डांबरी मिश्रणात, ब्लॉकमध्ये आणि माती पक्की करायला अनेक देशांत वापरली गेली आहे. अडचण अशी की एकाच नावाखाली तीन-चार वेगवेगळे माल फिरतात. त्यांतला एक उत्तम फिलर असतो, तर दुसरा दोन पावसाळ्यांत रस्त्याची खडी मोकळी करू शकतो. आपल्या हातात कोणता पडला आहे हे ओळखायचं कसं, आणि ओळखल्यावर तो कुठे घालायचा, हे क्रमाने पाहू.

आधी माल कोणता ते ठरवा

कोल्हापूर जिल्ह्यात सिमेंटची भट्टी नाही. सोलापूरकडून "धूळ" आली असं कोणी सांगितलं तर पहिला प्रश्न हा विचारा की त्या कारखान्यात भट्टी आहे का. फक्त क्लिंकर (भट्टीतून निघणारे भाजलेले गोळे) दळणाऱ्या युनिटमध्ये भट्टीची धूळ तयारच होत नाही. तिथून येणारा माल म्हणजे सांडलेलं, ओलसर झालेलं किंवा मुदत उलटलेलं सिमेंट. तो वेगळा विषय आहे. आपल्याला जवळच्या भट्ट्या म्हणजे बेळगाव जिल्ह्यातलं यादवाड, बागलकोट जिल्ह्यातला मुधोळचा भाग, आणि जरा लांब कलबुर्गीचा वाडी-सेडम पट्टा. चंद्रपूरची धूळ इथवर आणायची तर वाहतुकीतच हिशेब फसतो.

भट्टीत चुनखडी आणि मातीचं दळण सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. उलट्या दिशेने जाणारा गरम वायू बारीक कण सोबत घेऊन वर जातो आणि ते कण पुढे बॅग फिल्टरमध्ये किंवा इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटरमध्ये अडकतात. ही साधी धूळ. तिच्यात बराचसा भाग न भाजलेल्या कच्च्या दळणाचाच असतो. आजचे ड्राय प्रोसेसचे कारखाने ती शक्यतो परत भट्टीतच घालतात, कारण तो त्यांचाच कच्चा माल आहे. मग बाहेर काय येतं? जे परत घालता येत नाही ते.

कच्च्या मालात आणि इंधनात पोटॅशियम, सोडियम, क्लोरीन, गंधक असतात. भट्टीच्या गरम टोकाला त्यांची वाफ होते, प्रीहीटरच्या (दळण आधी तापवणाऱ्या मनोऱ्याच्या) थंड भागात ती गोठते, दळणासोबत पुन्हा खाली येते आणि पुन्हा वाफ होते. हे चक्र वाढत गेलं की प्रीहीटरमधले सायक्लोन (वायू आणि दळण वेगळे करणारी नरसाळी) चोंदतात. म्हणून भट्टीच्या तोंडाशी थोडा वायू बाजूला ओढून एकदम गार करतात. त्यातून जी धूळ निघते ती बायपास धूळ. तिच्यात पोटॅशियम क्लोराईड आणि मोकळा (न विझलेला) चुना दोन्ही भरपूर असू शकतात. शहरातला सुका कचरा आणि प्लास्टिक इंधन म्हणून जाळणं जसं वाढतं तसा क्लोरीन वाढतो आणि बायपासची गरजही वाढते. त्यामुळे फुकट देऊ केलेली धूळ बायपासची आहे असं धरूनच चाला. चाचणीत ती साधी निघाली तर उत्तमच.

तिसरा प्रकार जुन्या ढिगाऱ्याचा. वर्षानुवर्षं उघड्यावर पडलेल्या धुळीतला चुना विझलेला असतो, क्षार पावसाने बरेचसे वाहून गेलेले असतात आणि तिचे गठ्ठे झालेले असतात. चाळून आणि वाळवून ती निव्वळ भरीव फिलर म्हणून चालू शकते, पण सिमेंटसारखा गुण तिच्याकडून अपेक्षू नका.

कागद

मालाच्या आधी कागद मागवा. कारखान्याचं पत्र हवं: धूळ कोणत्या ठिकाणाहून निघाली (मुख्य फिल्टर की बायपास), अलीकडचं रासायनिक पृथक्करण काय, आणि तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात ती कोणत्या वर्गात नोंदलेली आहे. २०१६ च्या घातक व इतर कचरा नियमांखाली तिची नोंद असेल तर वापरण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते. माल कर्नाटकातून येणार असल्याने दोन्ही राज्यांच्या मंडळांचा संबंध येतो. ही विचारणा कोल्हापुरातल्या मंडळाच्या कार्यालयात लेखी करा आणि उत्तरही लेखी घ्या. तोंडी "चालतंय की" ऐकून बल्कर (भुकटी आणणारी टाकीची गाडी) उतरवू नका.

काम सरकारी असेल तर आणखी एक गोष्ट. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्ये, म्हणजे साइटवरच्या भाषेत मॉर्थमध्ये (पाचवी आवृत्ती, २०१३), फिलर म्हणून दगडाची भुकटी, विझवलेला चुना, सिमेंट अशी नावं आहेत आणि त्याला अभियंत्याची मान्यता हवी असं म्हटलं आहे. भट्टीच्या धुळीचं नाव त्यात नाही. म्हणजे कार्यकारी अभियंत्याची लेखी मान्यता आणि मंजूर जॉब मिक्स फॉर्म्युला (मिश्रणातल्या घटकांचं ठरलेलं प्रमाण) हातात नसेल तर बिल अडणार. त्यामुळे पहिला प्रयोग साखर कारखान्याच्या यार्डात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या खाजगी आवारात करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तिथे वजनदार ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक असतात, आणि मालकाशी समोरासमोर बोलता येतं.

नमुना आणि टेबलावरच्या चाचण्या

बल्करच्या एकाच झाकणातून ओंजळभर धूळ काढली तर तो नमुना धरू नका. उतरवताना सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तिन्ही वेळी साधारण दोन-दोन किलो घ्या, मिसळा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा प्रयोगशाळेत पाठवा, अर्धा हवाबंद बरणीत सील करून तारीख आणि गाडी नंबरसह ठेवा. पुढे भांडण झालंच तर ही बरणी कामाला येते.

प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी चार गोष्टी स्वतः करून पाहता येतात. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर गॉगल असू द्या.

पहिली चाचणी आम्लाची. चमचाभर धुळीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जोरात फेस आला तर कच्ची चुनखडी भरपूर, म्हणजे साधी धूळ किंवा हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषलेली जुनी धूळ. फेस कमी पण भांडं गरम लागलं तर मोकळा चुना जास्त.

दुसरी चाचणी थर्मासची. स्टीलच्या थर्मासमध्ये २०० मिली पाणी घ्या, तापमान नोंदवा, १०० ग्रॅम धूळ टाका, झाकणातून थर्मामीटर घालून ढवळत राहा आणि पारा चढायचा थांबेपर्यंत बघा. झाकण घट्ट आवळू नका. मोकळ्या चुन्याच्या प्रत्येक १० टक्क्यांमागे तापमान गणिताने सुमारे १२ अंश वाढायला हवं. थर्मासमधली गळती धरून १० म्हणा. इथे एक मेख आहे. पोटॅशियम क्लोराईड पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतं. धुळीत ते २० टक्के असेल तर पारा सुमारे ५ अंशांनी खाली ओढला जातो, आणि चुना असूनही तो कमी असल्यासारखं दिसतं. शिवाय जास्त भाजलेला चुना तासन् तास सावकाश विझतो. म्हणून पारा चढला तर चुना नक्की आहे. चढला नाही म्हणून चुना नाही असं म्हणता येत नाही.

तिसरी चाचणी विरघळणाऱ्या क्षारांची, आणि माझ्या दृष्टीने ही सगळ्यात महत्त्वाची. १० ग्रॅम धूळ १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ढवळा, गाळा, गाळलेल्यातलं ५० मिली वजन केलेल्या वाटीत आटवा. उरलेल्या साक्याचं वजन दुप्पट केलं की १० ग्रॅममध्ये किती विरघळलं ते कळतं. विझलेला चुना पाण्यात फारच कमी विरघळतो, लिटरला दीड-पावणेदोन ग्रॅम. म्हणजे १०० मिलीमागे त्याचा वाटा पाव ग्रॅमसुद्धा नाही. साका दोन ग्रॅम निघाला तर त्यातला जवळजवळ सगळा क्षारच आहे. डांबरात घातलेला हा क्षार पाणी शिरलं की विरघळून निघून जातो आणि आत पोकळ्या राहतात. कोल्हापूर शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास, तर गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे पाऊस पडतो. आपल्याकडे हा मुद्दा कागदावरचा नाही.

चौथी चाचणी क्लोराईडची. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकल्यावर दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराईड आहे. त्याआधी नायट्रिक आम्लाचे थेंब टाकून पाणी आम्लधर्मी करून घ्या. हे पाणी मुळात इतकं अल्कधर्मी असतं की आम्ल न टाकता सिल्व्हर नायट्रेट घातलं तर तपकिरी गाळ दिसतो आणि निष्कर्ष चुकतो.

यातून जे दिसेल त्याची खात्री प्रयोगशाळेत करा. तिथून एवढं मागवा: मोकळा चुना, क्लोराईड, सल्फेट, सोडियम-पोटॅशियम, भाजल्यावरची वजनातली घट, ७५ मायक्रॉन चाळणीचा निकाल, विशिष्ट गुरुत्व, प्लॅस्टिसिटी इंडेक्स (मातकट चिकटपणा दाखवणारा आकडा). बायपासची धूळ असेल तर शिसं, कॅडमियम आणि षट्संयुजी क्रोमियम पाण्यात किती उतरतं तेही. अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि तंत्रनिकेतनांच्या स्थापत्य प्रयोगशाळा मार्शल (डांबरी मिश्रणाच्या ताकदीची चाचणी) आणि सीबीआर (माती किती भार सोसते त्याची चाचणी) करतात, पण रासायनिक भागासाठी मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रयोगशाळा लागेल. नमुना देताना "सिमेंट" असं लिहू नका, नाहीतर सिमेंटचा साचेबंद अहवाल येतो आणि त्यात क्लोराईडची ओळ राहून जाते.

डांबरात: फिलर म्हणून

माझं मत आधीच सांगतो. आपल्या भागात या धुळीची सगळ्यात चांगली जागा डांबरी मिश्रण हीच आहे, तीही कमी क्षाराच्या आणि कमी मोकळ्या चुन्याच्या धुळीसाठी. थोडा विझलेला चुना डांबर आणि खडीची पकड वाढवतो. टोप, संभापूर, शिये भागातली काळ्या दगडाची खडी मुळात डांबराशी बऱ्यापैकी जमवून घेते. खडी मोकळी होते ती बहुतेक वेळा तिच्यावर बसलेल्या मातकट थरामुळे आणि साचलेल्या पाण्यामुळे. खाणीत लाल मातीचा पट्टा किंवा सच्छिद्र मऊ दगड आला की तो थर वाढतो. धूळ घातल्याने घाणेरडी खडी स्वच्छ होत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

मग पहिला प्रश्न: तुम्हाला फिलर हवाय का? क्रशरच्या बारीक मालातच ७५ मायक्रॉनखालचे कण पुरेसे असतात असं अनेकदा दिसतं. बिटुमिनस काँक्रीटच्या (रस्त्याच्या सगळ्यात वरच्या डांबरी थराच्या) दुसऱ्या ग्रेडिंगला, म्हणजे खडीच्या आकारांच्या ठरलेल्या प्रमाणाला, ७५ मायक्रॉनमधून ४ ते १० टक्के माल जायला हवा. समजा क्रशरच्या मालातून ५.५ टक्के आधीच मिळतंय आणि तुम्ही वर २ टक्के धूळ ओतली. एकूण ७.५ झालं. प्रभावी (खडीने न शोषलेलं) डांबर ५ टक्के धरलं तर बारीक कण आणि डांबर यांचं प्रमाण १.५ होतं. सुपरपेव्ह या अमेरिकी मिश्रण-रचनेच्या पद्धतीत ते ०.६ ते १.२ मध्ये ठेवतात. दीडवर गेलेलं मिश्रण कोरडं, कडक आणि भेगाळणारं होतं. म्हणून धूळ घालायची तर क्रशरचा तेवढा बारीक माल कमी करा. ती बदली म्हणून घालायची असते, भर म्हणून नाही.

फिलरची चाळणी मॉर्थप्रमाणे अशी: ०.६ मिमीमधून १०० टक्के, ०.३ मिमीमधून ९५ ते १००, ०.०७५ मिमीमधून ८५ ते १००. प्लॅस्टिसिटी इंडेक्स ४ पेक्षा जास्त नको. सिमेंट आणि विझलेल्या चुन्याला या अटीतून सूट आहे, पण ही धूळ त्या दोन्हीत मोडत नाही, तेव्हा चाचणी कराच.

आता मार्शल. तीन मालिका करा: एक नेहमीच्या दगडी भुकटीची, एक २ टक्के विझलेल्या चुन्याची, एक २ टक्के धुळीची. चुन्याची मालिका वगळायचा मोह होतो, पण तुलना तिच्याशीच करायची आहे. प्रत्येक मालिकेत डांबराची पाच प्रमाणं आणि प्रत्येकी तीन वड्या (मिश्रण ठोकून केलेले गोल नमुने), म्हणजे पंधरा. १२०० ग्रॅम खडीच्या वडीत २ टक्के म्हणजे २४ ग्रॅम धूळ. दोन्ही बाजूंनी ७५ ठोके, ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास, मग तोडायची. व्हीजी-३० (घट्टपणावरून ठरलेला दर्जा) डांबरासाठी स्थिरता (वडी तुटेपर्यंत सोसते तो भार) किमान ९ किलोन्यूटन, फ्लो (तोवर वडी किती दबते) २ ते ४ मिमी, हवेच्या पोकळ्या ३ ते ५ टक्के, डांबराने भरलेल्या पोकळ्या ६५ ते ७५ टक्के.

स्थिरतेचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. बारीक धुळीने डांबर घट्ट होतं, त्यामुळे स्थिरता वाढलेली जवळजवळ नेहमीच दिसते. खरा निकाल पाण्याच्या चाचणीत लागतो. मॉर्थला टेन्साइल स्ट्रेंथ रेशो (भिजवलेल्या आणि कोरड्या वडीच्या ताणशक्तीचं प्रमाण) किमान ८० टक्के लागतो, आणि आयएस (भारतीय मानक) ६२४१ प्रमाणे खडीवर किमान ९५ टक्के डांबर टिकून राहायला हवं. याला जोडून मी एक जादा तपासणी सुचवेन: दोन-तीन वड्या ६० अंशांच्या पाण्यात तीन दिवस ठेवा, रोज व्हर्निअरने चार ठिकाणी उंची मोजा आणि शेवटी वाळवून वजन घ्या. उंची वाढत गेली तर आत मोकळा चुना विझतो आहे. वजन घटलं तर क्षार निघून जात आहेत. दगडी भुकटीच्या वडीपेक्षा फरक ठळक दिसला तर तो माल डांबरासाठी बाद. ही तपासणी कुठल्या कोडमध्ये नाही, पण या धुळीचे दोन्ही दोष ती एकाच भांड्यात दाखवते.

पैशाचा हिशेब इथेच करून घ्या. एक किलोमीटर लांब, ५.५ मीटर रुंद, ३० मिमी जाड थर म्हणजे १६५ घनमीटर, साधारण ३९६ टन मिश्रण. त्यात खडी सुमारे ३७५ टन, आणि २ टक्क्यांनी फिलर ७.५ टन. सिमेंटऐवजी धूळ वापरली तर १५० पोती वाचली. पण धूळ जास्त बारीक असल्याने डांबराचं योग्य प्रमाण ०.३ टक्क्यांनी वाढलं, तर त्याच किलोमीटरला जवळपास १.२ टन डांबर जास्त लागेल. दोन्हींचे आजचे भाव घालून बघा. बचत डांबराच्या टाकीत कधी बुडाली ते कळतसुद्धा नाही. शिवाय ३० टनांचा एक बल्कर अशा चार किलोमीटरना पुरतो. एवढी साठवण्याची सोय नसेल तर फुकटचा मालही महागात पडतो.

प्लांटवर काय करायचं ते प्लांटच्या प्रकारावर अवलंबून आहे. बॅचमिक्स (एकेक घाणा वजनाने करणारा) प्लांट असेल तर काम सोपं: स्वतंत्र फिलर सायलो, स्क्रू कन्व्हेयर, वजन करून थेट पगमिलमध्ये (मिश्रण ढवळणाऱ्या पेटीत), आधी खडीसोबत काही सेकंद कोरडं ढवळणं आणि मग डांबर. ड्रममिक्समध्ये (फिरत्या पिंपात सलग मिश्रण करणाऱ्या प्लांटमध्ये) मात्र धूळ कोल्ड फीडच्या पट्ट्यावर खडीसोबत टाकली तर बर्नरच्या झोताबरोबर तिचा मोठा भाग थेट धूळ संकलनाकडे उडून जातो. कागदावर २ टक्के, रस्त्यात अर्धासुद्धा नाही. ती डांबराच्या फवाऱ्याजवळ, ज्वाळेच्या पलीकडे आत सोडणारी नळी हवी. प्लांटला पाण्याचा स्क्रबर (धूर पाण्याने धुणारं यंत्र) असेल तर उडालेली धूळ त्याच्या टाकीत जाऊन गाळ धरते, तो गाळ कडक होतो आणि पाणी प्रचंड अल्कधर्मी होतं. ते पाणी ओढ्यात सोडणं हा गुन्हाच आहे. स्क्रबरवाल्या ड्रममिक्सवर ही धूळ वापरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तापमानं नेहमीचीच: व्हीजी-३० ला डांबर १५० ते १६५ अंश, खडी १५० ते १७०, पसरताना किमान १४०, मिश्रण ९० च्या खाली जाण्याआधी रोलिंग आटोपलेलं. फिलर घातलेलं मिश्रण गार होताना लवकर ताठरतं, म्हणून आजऱ्याच्या किंवा गगनबावड्याच्या बाजूला हिवाळी सकाळी काम असेल तर डंपरवर ताडपत्री आणि मिश्रण पसरणाऱ्या पेव्हर मशीनमागे लगेच रोलर. पहिला पट्टा शंभरेक मीटरचा ठेवा, आणि त्याच्याच पुढे तेवढाच दगडी भुकटीचा. दोन्हींतून कोअर (थर कापून काढलेले गोल नमुने) काढा आणि डांबर वेगळं करून ७५ मायक्रॉनखालचा माल मोजा. प्लांटने खरंच किती धूळ घातली ते तिथे उघड होतं.

पेव्हर ब्लॉक

ब्लॉकमध्ये लोखंड नसतं, त्यामुळे क्लोराईडची भीती कमी. आयएस ४५६ साध्या काँक्रीटला घनमीटरमागे ३ किलो क्लोराईड चालवून घेतं. ४०० किलो सिमेंटच्या मिश्रणात ५ टक्के म्हणजे २० किलो धूळ घातली आणि तिच्यात ५ टक्के क्लोराईड असलं, तर ते एक किलो होतं. मर्यादेत बसतं. सल्फेटचा हिशेब मात्र वेगळा करा: सिमेंटमध्ये मुळात जिप्समचं सल्फेट असतंच, आणि एकूण मर्यादा सिमेंटच्या ४ टक्के आहे. धुळीत १५ टक्के सल्फेट असेल आणि १० टक्के बदली केली तर नुसत्या धुळीतूनच दीड टक्का भर पडते.

म्हणून ५ टक्क्यांपासून सुरू करा. ०, ५ आणि १० अशा तीन घाण्या करा, पाणी एकसारखं ठेवू नका तर मिश्रणाची ओल एकसारखी ठेवा, कारण धूळ पाणी ओढते. २८ दिवसांची ताकद आणि पाणी शोषण (आयएस १५६५८ प्रमाणे सरासरी ६ टक्क्यांच्या आत) तपासा. गिऱ्हाईक ब्लॉक परत पाठवतं ते मात्र ताकदीमुळे नाही, तर लोणा, म्हणजे पांढरा क्षार, वर आल्यामुळे. लाल-पिवळ्या ब्लॉकवर पांढरे ओघळ उठले की दहा टनांची ऑर्डर अडते. विटांसाठी जी चाचणी आहे तीच करा: पसरट भांड्यात २५ मिमी डिस्टिल्ड पाण्यात ब्लॉक उभा करा, पाणी आटू द्या, पुन्हा तेवढंच घालून आटवा, आणि वर किती पांढरं उठलं ते बघा. रंगीत वरच्या थरात धूळ घालूच नका, फक्त खालच्या राखाडी थरात. फ्लाय ॲशसोबत ती जास्त चांगली वागते, कारण तिच्यातला चुना आणि अल्कली फ्लाय ॲशला कामाला लावतात. साखर कारखान्याच्या बगॅसची राख इथे मुबलक आहे आणि तीही घालावी असं सुचवणारे भेटतील. तिच्यात न जळालेला कोळसा किती आहे ते आधी तपासा.

मॅनहोलची झाकणं, ड्रेनेजचे स्लॅब यांत सळई असते. ते या यादीतून बाहेर.

आरसीसीत नको

एक गणित पुरेसं आहे. सळई असलेल्या काँक्रीटला मर्यादा घनमीटरमागे ०.६ किलो क्लोराईड. ३५० किलो सिमेंटमध्ये १० टक्के म्हणजे ३५ किलो धूळ आणि तिच्यात २ टक्के क्लोराईड असलं तरी एकट्या धुळीतून ०.७ किलो झालं. बायपासच्या धुळीत याच्या कितीतरी पट निघू शकतं. घर बांधणाऱ्याला न सांगता हे करणाऱ्याला कुणी ठेकेदार म्हणू नये.

काळी माती

हातकणंगले, शिरोळकडच्या काळ्या मातीत रस्त्याचा पाया पक्का करायला धूळ वापरता येते. तिच्यातला चुना मातीचं फुगणं कमी करतो. प्रमाण नेहमी चुन्यापेक्षा जास्त लागतं, चाचणीला ५, १० आणि १५ टक्के घ्या. चुन्यासाठी आपण पीएच १२.४ वर पोचला की प्रमाण पुरेसं समजतो. इथे ती पद्धत फसवते, कारण धुळीतलं पोटॅशियम आणि सोडियम चुना कमी असतानाही पीएच वर नेतं. त्याऐवजी प्लॅस्टिसिटी इंडेक्स, मुक्त फुगवण आणि चार दिवस भिजवलेला सीबीआर यांवर ठरवा.

शिरोळमधल्या क्षारपड पट्ट्यात मात्र हा प्रयोग टाळा. मातीत सल्फेट असेल तर चुना, चिकणमाती आणि सल्फेट मिळून एट्रिंगाइट नावाचं फुगणारं खनिज तयार होतं आणि पक्का केलेला थरच फुगून उठतो. धुळीत स्वतःचं सल्फेट असतं ते वेगळंच. आणि ज्या जमिनीतला क्षार काढायला शेतकरी चर खणून निचरा करतोय, तिच्या बांधाला लागून आपण क्षार ओतणं कोणत्या तोंडाने समर्थन करणार? पूररेषेच्या आतही नको. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं होतं. उघड्या पायातली धूळ त्या पाण्यात विहिरींपर्यंत जायला वेळ लागणार नाही. डांबराने गुंडाळलेली धूळ आणि मातीत मोकळी मिसळलेली धूळ यांत हाच फरक आहे.

साठवण आणि माणसं

सायलो नसेल तर आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या मोठ्या बॅगा, लाकडी फळ्यांवर, पत्र्याखाली. वळवाचा एक पाऊस लागला की चुना विझतो, बॅग गरम होते आणि आठवड्याभरात तिचा दगड होतो. मार्चमध्ये आणलेला माल जूनपर्यंत संपवायचा नसेल तर आणू नका. महिन्याहून जास्त पडलेला माल वापरण्यापूर्वी थर्मास आणि चाळणी पुन्हा.

ओल्या धुळीचा पीएच १२ च्या वर असतो. घामेजलेल्या मानेवर, मनगटावर, बुटात ती बसली की संध्याकाळपर्यंत कातडी सोलते, आणि दुखायला लागेपर्यंत माणसाला कळत नाही. बॅग रिकाम्या करणाऱ्याला फडकं बांधून उभं करू नका. एन-९५ मास्क, बंद गॉगल, रबरी मोजे, पूर्ण बाह्या द्या. बल्करच्या वेळी पाण्याचा पिंप आणि तांब्या शेजारी असू द्या. डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, किमान पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं.

ऑर्डरमध्ये काय लिहायचं

धुळीची रचना भट्टीत काय जाळलं यावर बदलते, म्हणून एकदा पास झालेला माल कायमचा पास समजू नका. खरेदीपत्रात मोकळा चुना, क्लोराईड आणि विरघळणारे क्षार यांच्या कमाल मर्यादा टक्क्यांत घाला; आकडे तुमच्या मंजूर मार्शल मालिकेतल्या नमुन्याचे. प्रत्येक बल्करसोबत निघण्याचं ठिकाण लिहिलेली पावती हवी. विरघळणाऱ्या क्षारांची चाचणी दोन-तीन तासांत होते, तोवर गाडी उभी राहील आणि त्याचं थांबा-भाडं कोण देणार हे आधीच ठरवून टाका. मर्यादेबाहेर गेलेली गाडी पुरवठादाराच्या खर्चाने परत जाईल, हे वाक्य ठळक अक्षरांत हवं. नाहीतर नापास तीस टन तुमच्याच यार्डात पडून राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात त्यांची जबाबदारीही तुमचीच होते. सही कारखान्याच्या अधिकृत माणसाची घ्या, मधल्या गाडीवाल्याची नव्हे.